घड्याळजीची गाडी चुकते कशी?

सांगलीकडच्या एका मुलीचं पत्र आलंय, टीवाय बीकॉमला आहे, खाली सही 'घड्याळवाली'. तिला ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहायचीय. राजा नाही, राणी नाही, तलवार नाही. १८९७ सालचं प्लेगमधलं पुणं, नायक बुधवार पेठेत घड्याळं दुरुस्त करणारा, चाळिशीचा, बोलताना अडखळणारा, आणि नायिका चौतीस वर्षांची विधवा, केशवपन झालेली, प्लेगच्या इस्पितळात सेवेला जाणारी. चाळीस पानं आणि पुढचा सारांश सोबत पाठवलाय. विचारते, "सर, एक वर्ष ड्रॉप घेऊन कादंबरी पूर्ण करू का? बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, प्रेमकथा लिहून कुणाचं पोट भरत नाही."

अगं घड्याळवाली, पहिल्यांदा बाबांचं. ते बरोबर बोलतायत, राग मानू नकोस. हिशोब करून बघ. समज तुझी कादंबरी छापली, हजार प्रती, किंमत तीनशे रुपये, रॉयल्टी दहा टक्के. सगळ्याच्या सगळ्या खपल्या तरी तीस हजार, आणि नवीन लेखकाच्या हजार प्रती खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. म्हणजे महिन्याला हजारभर रुपये, त्यात तुझा मोबाईल रिचार्ज आणि पेठेतली एक मिसळ. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे, पस्तिशीच्या आतल्यांना, पन्नास हजारांचा, पण पुरस्काराच्या भरवशावर कुणी घरभाडं भरत नाही.

तरी ड्रॉपला मी नाही म्हणतोय ते पैशामुळे नाही. एक वर्ष घरी बसलीस की पहिले दोन महिने लिहिशील, मग आई म्हणेल जरा दळण आण, मग पाहुणे, मग "काय झालं गं पुस्तकाचं", आणि दिवाळीपर्यंत तुला त्या घड्याळजीचा तिटकारा आलेला असेल. मी स्वतः सव्विसाव्या वर्षी हे केलंय. अर्धी कादंबरी अजून माळ्यावर आहे, ट्रंकेत, बी.एड.च्या नोट्सखाली.

आता तुझी पानं. विधवा नवऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन येते आणि म्हणते, "चालू करू नका, कशानं थांबलं तेवढं सांगा." हे वाचून मी चहा ठेवायला उठलो ते तसाच उभा राहिलो. बाईच्या केसांचं वर्णन कुठेच नाही कारण तिला केसच नाहीत, आणि तरी ती वाचताना समोर दिसते, हे सोपं नाहीये. पण पुढे लगेच सातव्या पानावर तो तिला म्हणतो "माझं तुझ्यावर प्रेम आहे." अगं, १८९७ मध्ये? पेठेतल्या दुकानात? तो तिला 'बाई' म्हणेल, फार तर 'वहिनी' म्हणेल, आणि अहोजाहो करेल. एकमेकांचं नाव तोंडातून निघायला या दोघांना अख्खी कादंबरी लागली पाहिजे, तुझा रोमान्स तिथेच आहे, आणि तो तू पहिल्याच प्रकरणात खर्च करून टाकलास.

दुसरं, सारांशात ते पळून जायला स्टेशनवर भेटणार असतात आणि तो चुकीचं घड्याळ बघून उशिरा पोचतो, गाडी जाते. इथे थांब जरा. त्या काळी रेल्वे चालायची मद्रास टाईमवर. मुंबईच्या वेळेपेक्षा मद्रासची वेळ अर्धा तास पुढे, आणि पुण्याच्या सूर्याचा हिशोब धरला तर पंचवीसेक मिनिटं पुढे. म्हणजे गावातलं घड्याळ आणि स्टेशनातलं घड्याळ वेगळं असायचं हे तू शोधलंस ते भारीच, आख्ख्या देशाला एक वेळ नंतर आली, १९०६ च्या सुमारास, आणि मुंबईने तर पुढे कितीतरी वर्षं आपली वेळ सोडली नाही. पण तुझा नायक घड्याळजी आहे गं! हा फरक सगळ्या पुण्यात ज्याला झोपेतही ठाऊक असेल असा माणूस तोच. त्याची गाडी चुकूच शकत नाही. चुकली तर ती त्याने चुकवली. का चुकवली, तेवढं लिहिलंस की बाकीचं आपोआप लागेल. आणि नायिकेला हे कळेल की नाही? ती त्याच्या दुकानात इतके दिवस बसलेली बाई आहे, तिला कळेल, आणि ती प्लॅटफॉर्मवर उभी असतानाच कळेल.

शिवाय स्टेशनवर तेव्हा डॉक्टर प्रवाशांना तपासायचे, प्लेगची गाठ आली आहे का बघायला. तुझ्या पानांत ते नाहीच. आणि पुण्याचा प्लेग अधिकारी रँड, त्याच्यावर गोळी झाडली २२ जूनला, गणेशखिंड रस्त्यावर, तू मे महिना टाकलायस.

अजून एक, जरा अवघड. चाळीस पानांत जात कुठेच नाही. पेठेतलं पुणं, १८९७, आणि कुणी कुणाची जात विचारत नाही? विधवाविवाहाला कायदा १८५६ पासून होता, पण धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तर त्यांच्या गावच्या, मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते एकाच जातीतलं लग्न होतं. तुझी दोघं वेगळ्या जातीची असतील तर १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करताना आपण हिंदू नाही असं लिहून द्यावं लागायचं. या बाईने ते लिहून दिलं असतं का? मला वाटतं नसतं दिलं, पण ती तुझी बाई आहे, तू ठरव.

तर करायचं काय. मोडी लिपी शीक. खरंच सांगतो, उद्यापासून. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही होतात, चौकशी कर. सुट्टीत होण्यासारखं आहे. तुझ्या काळातली घरगुती पत्रं, दुकानाच्या वह्या, जमिनीचे कागद मोडीतच आहेत, आणि बीकॉमवालीला जमाखर्चाची वही वाचायला जी मजा येईल ती इतिहासवाल्याला नाही येणार. पोटाचंही सांगतो, २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली आठवतंय ना. जमिनीच्या वादात, वंशावळीच्या कामात लोक पानावर पैसे देतात. यावर एकट्यावर घर चालेल असं म्हणत नाही, पण तुझ्या रॉयल्टीपेक्षा बरं.

त्यातून गोडी लागलीच तर इतिहासात एमए कर (बीकॉमवरून प्रवेशाचे नियम त्या त्या विद्यापीठात बघून घे), पुढे दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात एक वर्षाचा डिप्लोमा आहे, कागदपत्रं सांभाळण्याचा. पटकथेकडे ओढा असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तोही कोर्स आहे. मला तुझी पानं वाचून तसं वाटलं नाही, तुझी माणसं गप्प बसतात तेव्हाच जास्त बोलतात, टीव्हीवर तीन मिनिटं गप्प कोण बसू देतो.

आणि बँकेची परीक्षा दे. हो, दे. क्लार्कला अठ्ठावीसपर्यंत वय चालतं, म्हणजे ती कुठे पळून जात नाहीये, पण एकदा दिलीस की बाबांचा आवाज खाली येतो आणि पहाटेचे दोन तास तुझे होतात. बाबांना हे पत्र वाचायला दे, पोटाचा परिच्छेद आधी वाचू दे त्यांना, जातीचा नंतर.

भाषेसाठी रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक वाच, त्यांच्या आठवणी. बायका घरात कशा बोलायच्या ते तिथे कानाला ऐकू येतं. आणि मोल्सवर्थचा एकोणिसाव्या शतकातला मराठी-इंग्रजी कोश उघडा ठेव, एखादा शब्द तुझ्या बाईच्या तोंडी शोभेल का अशी शंका आली की त्यात बघ, त्यात नसेल तर दोनदा विचार कर.

पुढची चाळीस पानं मोडीचा वर्ग झाल्यावर पाठव, आधी नको. आणि त्या घड्याळाला चावी द्यायची किल्ली कुणाकडे आहे ते लिही, विधवेकडे की तिच्या सासऱ्याकडे, कारण घड्याळ तिने आणलंय पण किल्ली आणल्याचं तू कुठेच लिहिलेलं नाहीस.