आधी यिडिश शिक, मग ऑशविट्झला जा

अगं, तुझं प्रपोजल वाचलं. होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मृतीवर पीएचडी करायचीये म्हणतेस, जरूर कर, पण पहिलं अख्खं प्रकरण जर्मन आदेश आणि छावण्यांचे आकडे, म्हणजे मारणाऱ्यांचीच कागदपत्रं, आणि ज्यू माणूस त्यात येतो तो थेट मरायलाच. हे काही मला पटलं नाही बाई.

तू रिंगेलब्लुमपासून सुरुवात कर. इमॅन्युएल रिंगेलब्लुम हा पोलंडमधल्या ज्यूंचा इतिहास लिहिणारा अभ्यासक, नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्सा घेट्टोला, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीला, बाहेरून टाळं लागलं आणि त्याच महिन्यात त्याने 'ओयनेग शाबेस' हा गुप्त गट उभा केला, शिक्षक, लेखक, एक रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरूसुद्धा होता त्यात. आणि गोळा काय करायचे, तर ट्रामची तिकिटं, रेशनकार्डं, गोळ्या-चॉकलेटचे कागद, शाळेतल्या पोरांचे निबंध, भिंतीवरची पोस्टरं! पण ही सवय काही घेट्टोत लागलेली नाही. विल्नात (आजचं विल्नियस) १९२५ ला यिवो ही यिडिश संस्कृतीचा अभ्यास करणारी संस्था निघाली, ती साध्यासुध्या लोकांकडून गाणी, म्हणी, चालीरीती जमवून घ्यायची, आणि रिंगेलब्लुम त्याच वर्तुळातला. म्हणजे तू ज्याला 'स्मृती' म्हणतेस ते काम युद्धाच्या आधीच सुरू झालं होतं, संस्कृतीचा अभ्यास म्हणून. तुझ्या प्रपोजलमध्ये हा सांधाच नाहीये.

ऑगस्ट १९४२ मध्ये, बाहेर लोकांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेणं चालू असताना, नोवोलिप्की रस्त्यावरच्या ६८ नंबरच्या शाळेच्या तळघरात दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. पुरणाऱ्यांत दाविद ग्राबेर हा १९ वर्षांचा मुलगा होता, जगाला ओरडून सांगता आलं नाही ते जमिनीत पुरतोय असं त्याने लिहून ठेवलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये आणखी कागद दुधाच्या दोन कॅनमध्ये भरून पुरले. पेट्या १९४६ ला सापडल्या तर आत पाणी शिरलेलं, कॅन १९५० ला निघाले ते मात्र बऱ्याच चांगल्या अवस्थेत. साधारण ३५,००० पानं आहेत, वॉर्सातच. रिंगेलब्लुमला १९४४ मध्ये मारलं, गटातले जेमतेम तिघं वाचले.

त्यातली एक राखेल आउअरबाख. घेट्टोत सूप किचन चालवायची, नंतर याद वाशेम या इस्रायलमधल्या होलोकॉस्ट स्मारक संस्थेत साक्षी नोंदवायचा विभाग तिनेच सांभाळला. तिच्यावर खरंतर एक वेगळं प्रकरण होईल तुझं.

आपल्याला कोकणातले बेने इस्रायल ज्यू माहीत असतात, नाहीतर मग थेट हिटलर. मधले ते पोलंडचे ३३ लाख ज्यू, त्यांचे पेपर, नाटकं, युनियनची भांडणं, हे कोणी वाचतच नाही.

यिडिश ही याच लोकांची भाषा. तुला जर्मन येतं, ती फार जड जाणार नाही, लिपी तेवढी हिब्रू आहे. यिवो आता न्यूयॉर्कला आहे, तिचा उन्हाळी कोर्स असतो, त्याला अर्ज टाक. शिफारसपत्र देते मी, पण ते पहिलं प्रकरण बदलून पाठवलंस की मगच.