फाइलीसाठी रांग कशाला?

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत चार महिने राहून नुकतीच परतले. तिथल्या लायब्ररीच्या लिबी अ‍ॅपवर एक कादंबरी मागितली, तर ‘सहा आठवडे थांबा’ असं आलं. छापील पुस्तक दुसऱ्यानं नेलं तर समजू शकते, पण टॅबवरच्या पुस्तकाला कसली रांग? आणि नागपुरात घरबसल्या काय वाचता येईल?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, रांग फाइलीसाठी नसते, परवान्यासाठी असते. लायब्ररी ई-पुस्तक बहुधा विकत घेत नाही, ते वाचायला देण्याचा परवाना घेते. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. मुदत संपली की तुमच्या टॅबवरचं पुस्तक आपोआप मिटतं आणि पुढच्याचा नंबर लागतो. वाचून झालं की मुदतीची वाट न बघता परत करत जा, मागचा माणूस लवकर सुटतो.

हे परवानेही संपतात. 2011 साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेनं ठरवलं, की 26 वेळा दिलं की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. कागदी प्रतही झिजतेच की, असं त्यांचं म्हणणं. मला हे अजिबात पटत नाही. सीताबर्डीजवळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी 31 वर्षं पुस्तकं दिली-घेतली. आमच्या मराठी व्याकरणाच्या एका प्रतीत मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी भरली, म्हणून तिच्यावर दुसरी डकवली, मग तिसरी. मधे एकदा रेक्झिनची बांधणी केली, एवढाच खर्च. 26 शिक्के तर पहिल्या चिठ्ठीवरच होते!

आता नागपूरचं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साधारण 60 वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो. राम गणेश गडकरी 1919 साली आपल्या सावनेरला वारले, म्हणजे त्यांची नाटकं केव्हाच सगळ्यांची झाली. राज्य मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, ती उतरवून घ्या. आयआयटी खरगपूर चालवते ते राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही बघा, तिथे नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. टॅब आडवा धरा, बराच फरक पडतो. ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलीचा दुसरा प्रकार) मिळालं तर तेच घ्या, त्यात अक्षर हवं तेवढं वाढवता येतं.