जेहान दारूवाला कार्टिंगमधून फॉर्म्युला टूपर्यंत कसा पोहोचला? भारतातल्या मुलाला तो रस्ता आज धरता येईल का?

तुम्ही पुण्याहून लिहिलंय की मुलगा अकरा वर्षांचा आहे, भाड्याच्या कार्टवर त्याचा हात चांगला बसलाय आणि फॉर्म्युला वनच्या खालोखाल असलेल्या फॉर्म्युला टूमध्ये (एफ-टू) शर्यती जिंकणाऱ्या जेहानचं नाव ऐकल्यापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. आता त्याला लवकरात लवकर खऱ्या रेसिंग कारमध्ये बसवावं का, हा तुमचा प्रश्न. माझं मत आधीच सांगतो: कारची घाई करू नका, त्याला त्याच्यापेक्षा वेगवान मुलांमध्ये लवकर उतरवा. जेहानच्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. मी फॉर्म्युला वनच्या खालच्या, ज्युनियर फॉर्म्युल्यांच्या शर्यती बरीच वर्षं मन लावून पाहतोय आणि भाच्यामुळे कोल्हापूरच्या मोहिते कार्टिंग ट्रॅकवरही पुष्कळ वेळ काढला आहे. त्या जोरावर लिहितो.

जेहानचा जन्म मुंबईतला, १ ऑक्टोबर १९९८चा. तो कार्टिंगकडे वळला २०११च्या सुमारास. फॉर्म्युला वन विजेता हॅमिल्टन आठव्या वर्षी कार्टमध्ये बसला होता, व्हर्स्टॅपन त्याहूनही आधी. म्हणजे जेहानने सुरुवात केली तेव्हा त्याच्या वयाच्या युरोपियन मुलांच्या गाठीशी चार-पाच हंगाम होते. मुंबईत त्याला रायोमंद बानाजींसारखा प्रशिक्षक मिळाला, जे स्वतः कार्टिंगचे अनेक वेळा राष्ट्रीय विजेते होते. त्याच वर्षी सहारा फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाची शोधमोहीम काढली होती. देशभरातून जी तीन मुलं निवडली गेली त्यांत जेहान होता. बाकीचे दोघे बंगळुरूचा अर्जुन मैनी आणि तरुण रेड्डी. ही निवड झाली नसती तर त्याला परदेशात पाठवायचा विचार इतक्या लवकर पक्का झाला असता का, याबद्दल मला शंका आहे.

यानंतरचा निर्णय खरा धाडसाचा. भारतात दोन-चार वर्षं जिंकत राहून मग कारमध्ये बसायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. जेहान त्याऐवजी इंग्लंडला कार्टिंग करायला गेला आणि २०१३ मध्ये, पंधरा वर्षांचा होण्याच्या आसपास, तिथली केएफ-थ्री या ज्युनियर कार्टिंग गटाची ब्रिटिश स्पर्धा त्याने जिंकली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तेव्हा ती बातमी फार मोठी झाली नव्हती. माझ्या लेखी मात्र ते यश पुढच्या एफ-टूमधल्या विजयांच्या तोडीचं आहे.

का, ते समजायला कार्ट म्हणजे काय ते नीट पाहावं लागेल. रेसिंग कार्टला सस्पेन्शन नसतं आणि दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियलही नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर बसवलेली, त्यामुळे ती एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं आणि बाहेरच्याला जास्त. दोन्ही जमिनीला घट्ट चिकटून राहिली तर कार्ट अडखळते, इंजिनाचे आरपीएम पडतात आणि वेळ जातो. म्हणून आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीपासून सुटावं लागतं. ते काम स्टिअरिंगची भूमिती, चासीचा लवचीकपणा आणि ड्रायव्हरच्या शरीराचं वजन मिळून करतात. स्टिअरिंग जरा जास्त फिरवलं की पुढची चाकं घासतात, कमी फिरवलं तर चाक सुटतच नाही. हे वाचून येत नाही. सीटमधून कमरेला आणि बरगड्यांना जे जाणवतं त्यावरून मेंदू हळूहळू शिकतो. शिवाय ज्युनियर गटांत ब्रेक फक्त मागच्या अ‍ॅक्सलवर असतो, त्यामुळे वळणात शिरताना ब्रेक किंचित जास्त दाबला गेला की कार्ट गोल फिरलीच.

भाड्याच्या कार्टला बहुधा फोर-स्ट्रोक इंजिन असतं आणि ती बरीच जड असते. तिच्यावर रेषा कळते, शर्यतीची गोडी लागते, पण हे बारकावे कळत नाहीत. १२५ सीसी टू-स्ट्रोक रेसिंग कार्टवर मुलगा पहिल्यांदा बसेल तेव्हा दहा मिनिटांत त्याचे हात भरून येतील. त्याने घाबरू नका, सगळ्यांचं तेच होतं.

इंग्लंडमध्ये याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी मिळतात. एक हवामान: सकाळी ओला ट्रॅक, दुपारी अर्धा कोरडा, त्यामुळे पकड कुठे आहे ते दर लॅपला नव्याने शोधावं लागतं. दुसरी गर्दी: पुढच्या दहा जणांत अनेकदा अर्ध्या सेकंदाचंही अंतर नसतं, म्हणजे एका चुकीत तिसऱ्याचा बारावा होतो. आपल्याकडे मुलगा दोन सेकंदांनी जिंकतो तेव्हा आईवडिलांना आनंद होतो, साहजिक आहे, पण त्या शर्यतीत तो ओव्हरटेक करायला किंवा जागा राखायला काहीच शिकलेला नसतो. जेहानने ही तालीम कार्टवर असतानाच पुरी केली. एफ-टूमध्ये मागून पुढे येणारा शांत डोक्याचा ड्रायव्हर अशी त्याची जी ओळख झाली, तिचं मूळ मला तिथे दिसतं.

सिंगल सीटरमध्ये, म्हणजे एकाच जागेच्या रेसिंग कारमध्ये, तो २०१५ साली आला, फॉर्म्युला रेनो २.० मध्ये, फोर्टेक संघाकडून. पुढच्या वर्षी जोसेफ काउफमान रेसिंगमध्ये पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेलेला लँडो नॉरिस त्याचा टीममेट होता आणि २०१७ मध्ये कार्लिनच्या एफ-थ्री (एफ-टूच्या खालची पायरी) संघातही दोघं एकत्र होते. याकडे मुद्दाम लक्ष द्या. मोटरस्पोर्टमध्ये ड्रायव्हरची खरी तुलना एकाशीच होते, तीच गाडी चालवणाऱ्या टीममेटशी. आणि त्याच्या वाट्याला टीममेट आले ते नॉरिस, मग रॉबर्ट श्वार्ट्झमन, मग युकी त्सुनोदा. हलक्या संघात जाऊन सहज पहिला येणं आणि अशा मुलांशेजारी उभं राहणं, यात त्याने दर वेळी दुसरं निवडलं.

२०१७च्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या टोयोटा रेसिंग सीरिजमध्ये पाच आठवड्यांत पंधरा शर्यती झाल्या. युरोपात कडाक्याची थंडी असते तेव्हा ही मुलं तिकडे जाऊन सराव करून घेतात. मालिका नॉरिसने जिंकली, पण मॅनफिल्डला झालेली न्यूझीलंड ग्राँ प्री जेहानने. त्याच वर्षी जर्मनीतल्या नोरिसरिंगच्या रस्त्यांवर त्याने युरोपियन एफ-थ्रीची शर्यत जिंकली. असं करणारा तो पहिला भारतीय. दुसरं वर्ष मात्र मनासारखं गेलं नाही. मग २०१९ मध्ये प्रेमा संघाकडून नव्या एफआयए एफ-थ्रीमध्ये बार्सिलोना आणि पॉल रिकार इथे विजय आणि एकूण तिसरा क्रमांक. पहिले तिघेही प्रेमाचेच: श्वार्ट्झमन, आर्मस्ट्राँग, जेहान.

तिथून रेड बुलने त्याला आपल्या ज्युनियर चमूत घेतलं आणि तो एफ-टूमध्ये गेला. ६००हून जास्त हॉर्सपॉवर, टर्बो इंजिन, कार्बन ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग नाही. सरावाला ४५ मिनिटं, त्यानंतर थेट क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणारं सत्र. नवा ट्रॅक असो की नवे टायर, तेवढ्यातच सगळं उमगायला हवं. २०२० साली तर १८ इंची टायर सगळ्यांनाच नवे होते. जेहानचं ते वर्ष बराच काळ चाचपडण्यात गेलं आणि डिसेंबरमध्ये बहारीनमधल्या साखीरच्या शेवटच्या शर्यतीत त्याने मिक शूमाकर आणि टिक्टमशी झुंज देऊन एफ-टूमधला भारताचा पहिला विजय मिळवला. ती शर्यत मी रात्री पुन्हा एकदा पूर्ण पाहिली होती. कुठेही आततायीपणा नाही, टायर शेवटपर्यंत जपलेले. पुढे मोंझाला २०२१ मध्ये स्प्रिंट म्हणजे छोटी शर्यत आणि २०२२ मध्ये मुख्य शर्यत त्याने जिंकली. २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनने त्याला फॉर्म्युला वन गाडीची चाचणीही दिली.

मग फॉर्म्युला वन का नाही? फॉर्म्युला वनमध्ये उतरायला लागणाऱ्या सुपर लायसन्ससाठी तीन हंगामांत ४० गुण लागतात. एफ-टूच्या पहिल्या तिघांना ते एका फटक्यात मिळतात, तर एफ-थ्रीच्या तिसऱ्या क्रमांकाला २०. जेहान एफ-टूमध्ये वर्षाअखेरीस पहिल्या तिघांत आला नाही. माझ्या मते कमी पडला तो शुक्रवारच्या क्वालिफाइंगमधल्या एका लॅपचा वेग. मागून सुरुवात करून पोडियम गाठणं कौतुकाचं, पण संघमालक पोल, म्हणजे सर्वांत पुढची सुरुवातीची जागा, पाहतात. त्सुनोदा त्याच २०२० मध्ये तिसरा आला आणि अल्फाटॉरी या फॉर्म्युला वन संघातली जागा त्याला मिळाली. त्याच वेळी हेही खरं की २०२२चा एफ-टू विजेता फेलिपे ड्रुगोविचलाही फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर जागा मिळाली नाही. तेव्हा खुर्च्या वीस होत्या आणि वर्षाला रिकाम्या होणार दोन-तीन. जेहान २०२४ मध्ये माझेराटीकडून विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईमध्ये उतरला, तीही जागतिक अजिंक्यपदाची मालिका आहे. त्याला अपयशी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जेहानचे वडील खुर्शीद दारूवाला स्टर्लिंग अँड विल्सन या मोठ्या कंपनीचे प्रमुख. एफ-टूचा एक हंगाम आज वीस कोटी रुपयांच्या घरात जातो असं मानलं जातं. मध्यमवर्गीय घराला तो रस्ता प्रायोजकाशिवाय खुला नाही, आणि हे मुलाला आज ना उद्या सांगावं लागेल. कार्टिंगचा खर्चही कमी नाही, पण तो एकेका हंगामापुरता ठरवता येतो आणि थांबावं लागलं तर घर मोडत नाही.

तुमच्या मुलाची परिस्थिती एका बाबतीत जेहानपेक्षा बरी आहे. तेव्हा भारतात एफ-फोर, म्हणजे कार्टिंगनंतरची पहिली सिंगल सीटर पायरी, नव्हती. आता २०२३ पासून इंडियन एफ-फोर होते आणि २०२४ मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यतही झाली. पण एफ-फोरला पंधरा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्याकडे चार वर्षं आहेत. ती कार्टवर घालवा. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं स्पर्धा लायसन्स काढा, वयानुसार रोटॅक्स इंजिनाच्या कार्टिंग गटात उतरवा. कोल्हापूर तुम्हाला पुण्याहून सोयीचं. तिथल्या मातीत रेसिंग चांगलं रुजलंय, कृष्णराज महाडिक तिथूनच ब्रिटिश एफ-थ्रीपर्यंत गेला. बरगड्यांचं कवच आणि मानेचा ब्रेस पहिल्याच दिवशी घ्या, हेल्मेटवर काटकसर नको.

कार्ट विकत घेण्याआधी एखाद्या संघाकडून दोन-तीन दिवस चालवायला मागा आणि स्टिअरिंगवर लॅपची वेळ मोजणारा मायक्रॉन (MyChron) टायमर लावून घ्या. त्याचा सर्वांत वेगवान लॅप बाजूला ठेवा, लागोपाठच्या दहा लॅपमध्ये किती फरक पडतो ते पाहा. नंतर त्याच दिवशी त्याच गटातल्या चांगल्या मुलाचे दहा लॅप शेजारी मांडा. हे आकडे, ट्रॅकचं नाव आणि मुलाचं वजन इथे खाली लिहिलंत तर कोणता गट घ्यावा ते मला जास्त नेमकं सांगता येईल.