आजोबांचं रिव्हॉल्वर आणि ८५,००० रुपयांचं कोटेशन

नौपाड्यातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४७, हातात पगार १,०५,००० रुपये. आजोबा मुरबाडकडे जंगलाचे ठेकेदार होते. त्यांचं वेब्ली अँड स्कॉटचं .३२ बोअरचं रिव्हॉल्वर पुढे वडिलांच्या परवान्यावर आलं. वडील मागच्या वर्षी गेले, तेव्हा शस्त्र रीतसर डीलरकडे जमा केलं. आता पाहिलं तर गंजलंय. दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराने ८५,००० रुपये सांगितलेत. वागळे इस्टेटमधला ओळखीचा लेथवाला म्हणतो, १५,००० त नवंकोरं करून देतो. न्यू जर्सीतल्या भावाने लिलावाच्या साइटवरचा फोटो पाठवलाय, असंच रिव्हॉल्वर, बाराशे डॉलर. वाचकांचा प्रश्न एवढाच: खर्च करू का?

साहेब, लेथवाल्याचं आधी सांगतो, कारण त्यात पैशांपेक्षा मोठी जोखीम आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९ मध्ये कायदा बदलल्यापासून अशा कामाला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. त्याला दोन पैसे मिळावेत म्हणून तुम्ही त्याला कोर्टात उभं कराल आणि शेजारी स्वतःही उभे राहाल. विषय संपला.

भावाच्या बाराशे डॉलरचंही फार मनावर घेऊ नका. तो भाव तिथल्या बाजाराचा. इथून शस्त्र बाहेर पाठवायला वेगळा परवाना लागतो, आणि वस्तू पुरावशेष ठरण्याइतकी, म्हणजे शंभर वर्षांची असेल, तर १९७२ चा कायदा खासगी माणसाला ती देशाबाहेर नेऊच देत नाही. तुमचं गिऱ्हाईक इथलंच, तेही परवाना असलेलं. २०१९ नंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे ज्याच्याकडे दोन आहेत तो तुमचं घेणार नाही.

तरीही भाव नाही असं मी म्हणणार नाही. १९८० च्या दशकापासून सामान्य माणसासाठी शस्त्रांची आयात जवळपास बंद आहे, म्हणून जुन्या विलायती मालाला आपल्याकडे मागणी असते. पण ती चालू स्थितीतल्या मालाला. घेणारा डीलर बाहेरची चकाकी बघत नाही, रिव्हॉल्वर उघडून नळी उजेडाकडे धरतो आणि आतल्या आट्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, बघतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत नळीच्या तोंडाशी आणि दोन चेंबर्सच्या, म्हणजे गोळ्यांच्या घरांच्या, कडेला गंजाने खड्डे पडलेले दिसतात. वरचा तांबूस गंज तेल लावून, हलक्या हाताने निघतो. खड्डे मात्र निघत नाहीत, कारण तिथलं लोखंडच गेलेलं असतं. ते घालवायचे तर आजूबाजूचं लोखंड घासावं लागतं, आणि त्याबरोबर कारखान्याचं नाव, नंबर, बंदुकांची चाचणी करणाऱ्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ठसे सगळं पुसट होतं. मग त्यावर ब्लूइंग, म्हणजे लोखंडाला रसायनाने काळसर थर देणं, करून काळंभोर केलं, तर जाणकार दुरूनच ओळखतो.

माझंच सांगतो. वडिलांच्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर निवृत्तीची तारीख कोरलेली होती. मी हौसेने पॉलिशला दिलं. परत आलं तेव्हा आरशासारखं चमकत होतं आणि बोट फिरवलं तर गुळगुळीत.

म्हणून कोटेशन फोडून वाचा. तुमच्या ८५,००० त ५८,००० पॉलिश, ब्लूइंग आणि नव्या मुठीचे आहेत. गंज थांबवणं, स्प्रिंगा, घोडा आणि चाप ठीक करणं याचे २७,०००. पहिली रक्कम माझ्या मते वाया जाईल. दुसरीचा विचार करता येईल, पण आज नाही.

आज का नाही? कारण शस्त्र अजून तुमचं नाही. परवाना वडिलांचा होता. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे, पण अर्ज, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलीस चौकशी आणि ठाणे पोलीस आयुक्तालयाचा निर्णय हे सगळं व्हायचंय. शिवाय भाऊ आणि बहीण दोघांची ना-हरकत लागेल. खर्च तुमच्या खिशातून, वस्तू तिघांची: उद्या विकायची वेळ आली तर बहीण तिसरा हिस्सा मागेल आणि ते तिचं चुकणार नाही. आधी तिघांत लिहून घ्या, मग परवाना, मग दुरुस्ती. परवाना नाकारला गेला तर डीलरमार्फत विकावं लागेल, आणि जमा ठेवण्याची मुदत उलटू दिली तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. जमा पावतीवरची तारीख आजच बघून ठेवा.

मित्राने सांगितलेली ‘मोडकं शस्त्र म्हणून परवाना नको’ ही पळवाट पत्रात आहे. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्राला आहे. तुमच्याकडे तर दुरुस्तीचं कोटेशनच आहे.

आता तुमच्या पैशांकडे. घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं कर्ज २२ लाख, १२ वर्षं बाकी, व्याज साडेआठ टक्के, हप्ता साधारण २४,४००. तेच ८५,००० आज कर्जात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर नऊ हप्ते कमी होतात आणि सुमारे १,४३,००० रुपये व्याज वाचतं. पण तेही मी लगेच करायला सांगणार नाही. बँकेत तुमचे १,६०,००० आहेत आणि घरखर्च, हप्ता धरून महिन्याला ७०,००० जातात. सव्वादोन महिन्यांची शिदोरी झाली ही. मुलगी अकरावीत आहे, दीड वर्षात कॉलेजची फी समोर येईल. मी असतो तर आधी ही रक्कम निदान तीन लाखांवर नेली असती.

आजोबांच्या आठवणीवर खर्च करू नका, असं मात्र मी म्हणत नाही. लोक लग्नाच्या अल्बमवर याहून जास्त घालवतात. दिवाळीच्या बोनसमधून २७,००० बाजूला काढा, वेगळ्या खात्यात ठेवा. परवाना आला तर कारागिराला द्या, नाही आला तर मुलीच्या फीला लागतील.

मधल्या काळात गंज थांबवायला हवा, कारण आपल्या पावसाळ्यात तो बसून राहत नाही. रिव्हॉल्वर चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलंय असं तुम्ही लिहिलंय. गंजाचं मोठं कारण बहुधा तेच. चामडं ओल धरून ठेवतं आणि कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंडाला खातात. डीलरला सांगा, कव्हरमधून काढून, तेलाचा हात देऊन कोरड्या कापडात ठेवा. याला शे-पाचशेपेक्षा जास्त लागणार नाहीत.

आणि ते कव्हर घरी घेऊन या. आतल्या बाजूला आजोबांनी शाईने नाव लिहिलंय म्हणता ना? ते ठेवायला कुठलाही परवाना लागत नाही.