वाचक विचारतात : अरबांचे एक राष्ट्र का होत नाही?

प्रश्न : भाषेच्या जोरावर आपण संयुक्त महाराष्ट्र मिळवला. अरब देशांची तर भाषा एक, बहुतेकांचा धर्मही एक. मग घोडे अडते कुठे? (गिरगावचे एक वाचक)

उत्तर : तुलना मनात येणे साहजिक आहे, पण ती पुरती लागू पडत नाही. १ मे १९६० रोजी झाली ती खरे तर द्विभाषिक मुंबई राज्याची फाळणी. तीही संसदेच्या कायद्याने. सैन्य, चलन, परराष्ट्र व्यवहार आधीपासून दिल्लीकडेच होते, त्यामुळे कुणालाही गादी सोडावी लागली नाही. अरबांना नेमके तेच सोडायचे होते.

इजिप्त आणि सीरियाने ते एकदा करून पाहिले. जानेवारी १९५८मध्ये सीरियाचे लष्करी अधिकारी स्वतःहून कैरोला गेले आणि इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्याकडे त्यांनी एकीकरण मागितले. नासर यांच्या अटी कडक होत्या : संघराज्य नको, पूर्ण विलीनीकरण हवे, सीरियातले राजकीय पक्ष बरखास्त व्हावेत, लष्कराने राजकारणातून बाहेर पडावे. १ फेब्रुवारीला घोषणा झाली, २१ तारखेला सार्वमत. म्हणजे दोन देश एक करायला तीन आठवडे! त्यातून दोघांची सीमाही लागून नव्हती, मध्ये इस्रायल.

हे राज्य मोडले ते घाईने, आणि सत्तेच्या वाटपाने. दमास्कसचा कारभार इजिप्तचे फील्ड मार्शल आमेर पाहू लागले. सीरियन अधिकाऱ्यांच्या डोक्यावर इजिप्शियन अधिकारी आले. त्यात दुष्काळ पडला. जुलै १९६१मध्ये बँका, विमा कंपन्या आणि मोठे कारखाने सरकारजमा झाले, तेव्हा व्यापारी वर्गही बिथरला. ऑगस्टमध्ये सीरियाचे प्रादेशिक मंत्रिमंडळ बरखास्त करून सगळा कारभार कैरोत नेला. २८ सप्टेंबरला दमास्कसमध्ये लष्करी उठाव झाला आणि साडेतीन वर्षांचा संसार मोडला. ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ हे या जोडराज्याचे नाव मात्र इजिप्तने १९७१पर्यंत एकट्याने मिरवले.

१९५८च्या त्याच फेब्रुवारीत इराक आणि जॉर्डनच्या राजांनी शह म्हणून आपला वेगळा संघ काढला होता. १४ जुलै १९५८ला बगदादमध्ये राजाचीच हत्या झाली आणि तो संघ पाच महिन्यांत आटोपला.

प्रश्न : अरब लीग मग करते तरी काय? (मुलुंड)

उत्तर : ही अरब देशांची संघटना. २२ मार्च १९४५ रोजी कैरोत स्थापना, आज २२ सदस्य. हिची मेख सनदेच्या सातव्या कलमात आहे : एकमताने झालेला ठराव सर्वांवर बंधनकारक, बहुमताने झालेला फक्त मान्य करणाऱ्यांवर. विरोधात मत देणारा देश मोकळा. शिवाय लोकसंख्या कितीही असो, प्रत्येकाला एकच मत. इजिप्तलाही एक आणि चिमुकल्या कोमोरोसलाही एक. कामे अगदीच झाली नाहीत असे नाही. १९६१मध्ये इराकने कुवेतवर हक्क सांगितला, तेव्हा लीगने कुवेतला सदस्य करून घेतले आणि अरब सैन्यही पाठवले. पण निलंबनाचे शस्त्र तिने जास्त वापरले : इस्रायलशी तह केला म्हणून १९७९मध्ये इजिप्त, २०११मध्ये सीरिया. दोघेही पुढे परत आले.

प्रश्न : मुलगा दुबईत नोकरीला आहे. अमिरातीही सात राज्यांचीच ना, ती कशी टिकली? आणि तिथला कामाचा परवाना सौदीत चालेल का? (कुर्ला)

उत्तर : टिकली, कारण करारात वाटे आधीच ठरले. २ डिसेंबर १९७१ला सहा अमिराती एकत्र आल्या, रास अल खैमा फेब्रुवारी १९७२मध्ये आली. बहरीन आणि कतारही बोलणीत होते, पण त्यांनी स्वतंत्र राहणे पसंत केले. तेल ज्या अमिरातीत निघेल तिचेच. सातही शासकांच्या सर्वोच्च परिषदेत महत्त्वाच्या निर्णयाला पाच मते लागतात आणि त्या पाचांत अबुधाबी व दुबई असलीच पाहिजेत. लहानांना हे बोचते, पण खर्चाचा मोठा भार अबुधाबी उचलते हेही खरे. राज्यघटना तब्बल २५ वर्षे ‘हंगामी’ म्हणूनच चालवली, कायम झाली १९९६मध्ये. आमच्या मते यात खरे शहाणपण होते.

परवाना चालणार नाही. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत (सौदी, अमिराती, कुवेत, कतार, बहरीन, ओमान) ओळखपत्रावर ये-जा करण्याची सोय तिथल्या नागरिकांसाठी आहे. नोकरीसाठी सौदीचा वेगळा व्हिसा आणि वेगळा परवाना काढावा लागतो.

प्रश्न : आखातात युरोसारखे एक चलन येणार होते, त्याचे काय झाले? (माहीम)

उत्तर : २०१०पर्यंत आणायचे ठरले होते. ओमान २००६मध्ये बाहेर पडला. मध्यवर्ती बँक सौदीच्या रियाधला ठरली म्हणून २००९मध्ये अमिरातीही गेल्या. उरलेल्या चौघांनी चलन परिषद काढली, नोटा काही निघाल्या नाहीत. गंमत अशी की आखातात समाईक चलन पूर्वी होते, आणि ते आपला रुपया! सोन्याची तस्करी रोखायला रिझर्व्ह बँकेने १९५९मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१मध्ये, बहरीनने १९६५मध्ये त्या सोडल्या. १९६६च्या अवमूल्यनानंतर कतार आणि दुबईनेही. आज कुवेत सोडून बाकी पाचांची चलने डॉलरशी ठरावीक दराने बांधलेली आहेत, त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्यालाही समाईक नोटेची निकड फारशी वाटत नाही.