दत्तक आणलेली कुत्री पाच दिवस पलंगाखालीच बसून आहे, परत द्यावी का?

नाही. परत देऊ नका, आणि सासऱ्यांनी सांगितलेला साखळीचा उपाय तर मुळीच करू नका.

तुम्ही लिहिलंय की संस्थेतून आणलेली दोन वर्षांची मादी पलंगाखालून निघत नाही, रात्री सगळे झोपले की लपून खाते, शी-शू तिथेच करते, आणि सासरे म्हणतात, "दाराशी बांधून एकदा धाक दाखवा, सुतासारखी सरळ होईल." अगदी हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय. म्हणून लिहायला बसले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचा पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. आम्ही मिरजेत, आमच्या गल्लीपर्यंत पाणी आलं नाही. पूर ओसरत असताना माझ्या मुलीच्या मित्रांनी सांगलीवाडीत एका घराच्या पत्र्यावरून काढलेली कुत्री आमच्याकडे आणली. त्याआधी एका कुटुंबाने तिला नेलं होतं आणि "माणसाळत नाही" म्हणून आठवड्याच्या आत परत केलं होतं. आम्ही तिचं नाव सखू ठेवलं.

सखू आली ती थेट दिवाणाखाली गेली. हात पुढे केला की गुरगुरायची. न्हाणीघरात तोटी सोडली की अंग आक्रसून थरथर कापायची. पुराचं पाणी तिने काय अवस्थेत पाहिलं असेल ते तिलाच ठाऊक. मग आम्ही बादलीत जुना पंचा टाकून, तोटी बारीक सोडून पाणी भरायला लागलो, म्हणजे धार आपटल्याचा आवाज होत नाही. घरातल्या सगळ्यांनी हे पाळलं. माझ्या सासूबाईंनीही, ज्यांना कुत्रं घरात नकोच होतं.

गौरी-गणपतीला माझे थोरले दीर आले. त्यांच्याकडे पूर्वी डॉबरमन होता, त्यामुळे कुत्र्यांमधलं आपल्यालाच कळतं असा त्यांचा पक्का समज. मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी सखूला पट्ट्याला धरून फरफटत बाहेर काढलं, तिचं नाक तिच्याच शूमध्ये घासलं आणि वर मला सांगितलं, "मालक कोण ते कळायला पाहिजे. तू लाड करून बिघडवणार तिला." पाहुण्यांनी घर भरलेलं होतं. मी तिथेच त्यांना सांगितलं की या घरात पुन्हा तिला हात लावायचा नाही. ते न जेवता गेले. सणाच्या दिवशी वडीलधाऱ्या माणसाला असं बोलले म्हणून नातेवाईक आजही मला बोल लावतात. लावू देत.

त्यानंतर सखूने गुरगुरणं बंद केलं. दीर म्हणाले, बघ, सुधारली. सुधारली नव्हती, ती गोठली होती. पुढे कितीतरी दिवस ती रात्रीसुद्धा वाटीपाशी येईना. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली आगाऊ सूचना असते: जवळ येऊ नका, मला भीती वाटते. ती सूचना मारून बंद केली तर भीती जात नाही, फक्त सूचना जाते, आणि मग एक दिवस न गुरगुरता चावा बसतो. तेव्हा लोक म्हणतात, अचानक चावलं.

"मालक कोण" हे खूळ कुठून आलं तेही सांगते. १९४७ साली प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांचं निरीक्षण केलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे 'अल्फा' लांडग्याची, म्हणजे मारामारी करून कळपाचा सरदार झालेल्या लांडग्याची कल्पना जगभर पोचली, आणि लोकांनी ती कुत्र्यांनाही लावली. पुढे याच मेक यांनी रानातल्या लांडग्यांची कुटुंबं वर्षानुवर्षं पाहिली आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे मारामारी करून कोणी सरदार होत नसतो. हे मी दिरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. तुमच्या सासऱ्यांना जरूर दाखवा.

सखूसाठी मी एवढंच केलं की रोज दिवाणाकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि गवार मोडायचे. तिच्याकडे बघायचं नाही, बोलवायचं नाही, मधूनच उकडलेल्या अंड्याचा तुकडा मागे टाकायचा. तुकडे हळूहळू माझ्या जवळ पडायला लागले. दिवाळीच्या आधी ती स्वतःहून माझ्या पायाशी येऊन बसली. दत्तक देणारे ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा ढोबळ आडाखा सांगतात: पहिल्यात घाबरणं, दुसऱ्यात घरची रीत कळणं, तिसऱ्यात घर आपलं वाटणं. तुमचे पाचच दिवस झालेत.

शी-शूसाठी ओरडू नका. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर बाहेर न्या. घरातली जागा व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, वास राहिला की ती तिथेच जाते. बाहेर नेताना हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला, कारण बिथरलेलं कुत्रं मागे सरकून पट्ट्यातून मान काढतं आणि पळतं, आणि नवं कुत्रं तुमच्या हाकेला परत येणार नाही. साखळीबद्दल सासऱ्यांना कायद्याची भाषा पटत असेल तर १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ आहे: आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं ही क्रूरता आहे.

मात्र सगळंच भीतीने होत असेल असं धरून चालू नका. ती रात्रीही खाईनाशी झाली, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, अंग तापलं, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या आणि गोचीडतापासाठी रक्त तपासा. घरात रांगतं मूल असेल तर दोघांना क्षणभरही एकटं सोडू नका. मूल आहे आणि ती चावायला धावते, अशी वेळ असेल तर परत देण्यात काही गैर नाही, पण संस्थेच्याच हातात द्या. रस्त्यावर सोडणं हा त्याच कलमाखाली गुन्हा आहे.

आणि संस्थेला आजच फोन करून विचारा की ती नेमकी कशाला घाबरते: काठीला, झाडूला, पुरुषांच्या आवाजाला, पाण्याला. आम्हाला पाण्याचं कोणी सांगितलं असतं तर बादलीतला पंचा पहिल्याच दिवशी पडला असता.