चारची नोंद

(पुण्याची ३८ वर्षांची वाचक लिहिते: आठ महिने मोबाईलवर मूड नोंदवायचं अ‍ॅप वापरते आहे. दिवसातून चार वेळा चेहरा निवडते, महिन्याच्या शेवटी आलेख बघते. 'मावशी, मी स्वतःला समजून घ्यायला एवढी धडपडतेय आणि नवऱ्याला काहीही विचारा, उत्तर एकच, "ठीक". त्याच्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं, दोन दिवसांत काढून टाकलं. अशा माणसाबरोबर कसं राहायचं?')

तुझ्या तीन पानांपैकी अडीच पानं नवऱ्यावर आहेत. त्याच्याबद्दल मी आज एक अक्षर लिहिणार नाही. मी अडकले ती तू कंसात टाकलेल्या एका ओळीपाशी: 'चारची नोंद कधी कधी रात्री बदलून "ठीक" करते, नाहीतर महिना फार लाल दिसतो.'

कुणाला दिसतो गं? अ‍ॅपला पासवर्ड आहे, तुझ्याशिवाय कुणी ते उघडत नाही, हेही तूच लिहिलंयस. नवरा तोंडाने 'ठीक' म्हणतो, तू बोटाने म्हणतेस. त्याचं 'ठीक' निदान तुला खोटं वाटतं. तुझं मात्र तू आलेख करून जपून ठेवतेस. मला राग आला, खरं सांगते. आठ महिने एवढ्या नेमाने बसलीस आणि जिथे काही सापडलं असतं, नेमकी तीच जागा सारवून टाकलीस.

चार वाजता काय असतं? ऑफिसचा कॉल संपलेला, लेकीची बस यायला वीस मिनिटं, तू ओट्यापाशी उभ्याने चहा पितेस. एवढंच लिहिलंयस. त्या वीस मिनिटांत काय दाटून येतं ते मला माहीत नाही. तुलाही नाही, कारण पुरावा तूच पुसतेस.

आणि नुसता लाल चेहरा पुरणारही नाही. अशा काही अ‍ॅप्समध्ये दोनच गोष्टी मोजतात: बरं वाटतंय की वाईट, आणि अंगात जोर आहे की नाही. जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली मांडलेला हा आराखडा. त्यावरून गाव कळतं, घर सापडत नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्या वेळी त्यांच्या मेंदूत काय चालतं ते पाहिलं. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. चेहऱ्याला जुळणारा दुसरा चेहरा निवडण्यापेक्षा त्या भावनेला शब्द दिला, तेव्हा अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या भीती-धोक्याला चटकन दाद देणाऱ्या भागाची, खळबळ कमी दिसली. तू आठ महिने चेहरेच निवडते आहेस, बाई. शब्द कुठे आहे?

आपल्या भाषेत शब्दांना काय तोटा! कुचंबणा म्हणालीस, तर कुणासमोर तरी बोलता येत नाहीये. हिरमोड असेल, तर आधी कशाची तरी आस होती. रुखरुख मागचं काही धरून बसते, धाकधूक पुढचं. चुटपुट छोटीशी, पण दिवसभर टोचते. घुसमट असेल तर हवा कुठे अडली आहे ते बघावं लागतं. या सगळ्यांना तुझं अ‍ॅप एकच लाल रंग देतं आणि रात्री तू तोही काढून घेतेस.

म्हणून एकच कर. उद्या चार वाजता चेहऱ्याखालच्या टिपणाच्या चौकटीत एक मराठी शब्द लिही. बरोबर सुचला नाही तर जवळचा लिही, 'कसंतरी' लिहिलंस तरी चालेल. रात्री त्या नोंदीला हात लावायचा नाही. महिना लाल होऊ दे, अख्खा होऊ दे.

पंधरा दिवसांनी ते पंधरा शब्द मला पाठव. नुसते शब्द, नवऱ्याबद्दल काही नको. मी वाट बघतेय.